सव्वा मूठ गहू

आमच्या घरात कोण आहे आणि कोण नाही, हे वर्षातून एकदा गव्हाच्या मुठीवर ठरतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशची देवी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, जो गहू काढायचा तो वजनाने किंवा मापाने नाही. घरातल्या एकेका पुरुषमाणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ परातीत टाकायची. एक भरलेली मूठ, वर पाव मूठ. माणूस पुण्याला असो, सुरतेला असो, भांडून वेगळा राहत असो, नाव घ्यायचंच. परातीत पडलेला दाणा परत पोत्यात जात नाही. त्या गव्हाचे रोट घरच्यांनीच खायचे, विसर्जनाआधी संपवायचे, बाहेरच्याच्या ताटात वाढायचे नाहीत. दुसऱ्या घरांत थोडं इकडचं तिकडे असेल, आमची रीत ही अशी आहे.

बायकांच्या नावाची मूठ का नाही, असं मी कॉलेजात असताना मायला विचारलं होतं. "मंग मूठ कोन्ही शे?" ती म्हणाली. मूठ बाईचीच असते, आणखी काय पाहिजे, असा त्याचा अर्थ.

आमचं गाव अमळनेरजवळ. मोठा भाऊ तिथे शेती बघतो. त्याला सगळे भाऊच म्हणतात. धाकटा आप्पा धुळ्याला बँकेत आहे. मी मधला. मला घरात नाना म्हणतात आणि मी जळगावच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. 'स्मरण आणि विस्मरण' हा धडा मी इतकी वर्षं शिकवलाय की फळ्यावरच्या त्या तीन चौकटी मला मुलांकडे तोंड ठेवूनही काढता येतात. पहिल्या चौकटीत डोळ्यांवर-कानांवर आदळलेलं सगळं. त्यातलं ज्याकडे लक्ष जाईल तेवढंच दुसऱ्या छोट्या चौकटीत. तिथे घोकलं, अर्थ लावला, तर तिसऱ्या मोठ्या चौकटीत, कायमचं. मधे बाण. मुलांना ही आकृती फार आवडते, कारण परीक्षेत ती काढली की हमखास मार्क मिळतात. मलाही आवडायची. आता त्या चौकटींची मला भीती वाटते. ती कशी सुरू झाली ते सांगतो.

आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्यानंतरचं तिसरं किंवा चौथं वर्ष असेल. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी माय न्हाऊन, ओल्या केसांनी स्वयंपाकघरात गव्हाचं पोतं आणि परात घेऊन बसली होती. आम्ही तिघं भाऊ बाहेरच्या खोलीत. मुठी टाकताना पुरुषांनी आत जायचं नाही असं काही नाही, पण आम्ही कधी जात नसू. आतून नाव ऐकू येतं. आपलं नाव आलं की माणूस उगाच खाकरतो किंवा चहाचा कप खाली ठेवतो. मी कितीही शिकलो-सवरलो तरी माझंही तसंच व्हायचं.

मायने आबांचं नाव आयुष्यात कधी तोंडाने घेतलं नाही. ते असताना 'तुम्हना आबा' असं म्हणून पहिली मूठ ती त्यांची टाकायची. ते गेल्यावर पहिली मूठ भाऊची झाली. त्या सकाळी आतून आवाज आला, "हाई तुम्हना आबासनी," आणि गहू परातीत पडल्याचा आवाज आला.

कोणी खाकरलं नाही. भाऊ उठून दारात गेला. "माय, आबा ग्यात ना," तो हळू म्हणाला.

"कोठे ग्यात? वावरमा ग्यात व्हतीन," माय म्हणाली आणि पुढची मूठ भरली.

शेतात गेले असतील, दुपारी येतील, इतक्या साध्या आवाजात ती बोलली. वहिनीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. वहिनी म्हणजे भाऊची बायको. तिचा जीव घाबरला तो वेगळ्या कारणाने. मेलेल्या माणसाच्या नावाचा दाणा परातीत पडला होता आणि तो परत काढता येत नव्हता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी आमच्या घरात मानसशास्त्राला कोणी विचारत नाही. एकदा म्हैस दूध देईना तेव्हा तेवढं विचारलं होतं. पण त्या दिवशी खरंच माझं बोलणं हवं होतं त्यांना. मी म्हणालो, "काही नाही, लक्ष नव्हतं तिचं. इतकी वर्षं पहिलं नाव तेच घेतलं, जुनी सवय नवीन गोष्टीला आड येते. आमच्या पुस्तकात याला व्यत्यय म्हणतात. तुम्ही मोबाईलचा नंबर बदललात की जुनाच तोंडात येतो की नाही, तसं."

सगळ्यांनी मान डोलावली. वहिनीचाही चेहरा सैल झाला. शब्दाला केवढं वजन असतं, व्यत्यय म्हटल्याबरोबर घर शांत झालं. मी काही खोटं बोललो नव्हतो. पण लक्ष नव्हतं हे म्हणताना मी मायच्या तोंडाकडे बघितलं होतं, आणि तिचं लक्ष होतं. पूर्ण लक्ष होतं.

त्या गव्हाचं काय करायचं यावर रविवारी खूप कुजबुज झाली. आबांच्या वाट्याचा रोट कोणी घेईना. शेवटी मी घेतला, मी असलं काही मानत नाही म्हणून. दोन घासांनंतर मला तो गिळवेना. पाण्याबरोबर ढकलला आणि जळगावला परत येईपर्यंत तो छातीत अडकल्यासारखा वाटत राहिला.

पुढच्या श्रावणापर्यंत मायचं विसरणं सगळ्यांना दिसायला लागलं होतं. दूध गॅसवर ठेवून ती शेजारी जायची. शेजारणीला विचारायची, मी कशाला आली व्हती? म्हातारपण, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणत होतो. वर्गात जे एक कारण म्हणून शिकवतो ते घरी जरा जास्तच खपवत होतो. वापर नाही म्हणून पुसट झालं, म्हणजे क्षय, हे एक. आत आहे पण बाहेर यायला खूण मिळत नाही, हे दुसरं. हे दुसरं मला फार प्रिय होतं. त्यात माणूस काही हरवत नाही. वस्तू घरातच असते, फक्त सापडत नसते.

त्या वर्षीच्या शनिवारी मी सकाळची बस पकडून पोचलो तेव्हा मुठी सुरू झाल्या होत्या. भाऊचं नाव झालं. मग आप्पाचं झालं. मग पोरांची सुरू झाली. मी कप हातात धरून बसलो होतो. पोरांची संपली आणि मायने परात पुढे सरकवली.

"माय, नाना ऱ्हायना ना," वहिनी म्हणाली.

"कोन नाना?"

मी दारात जाऊन उभा राहिलो. हसत होतो, असं आप्पा नंतर म्हणाला. मायने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. तिने मला ओळखलं नाही असंही नाही. "हाऊ ते मास्तर शे," ती वहिनीला म्हणाली, "पाहुना शे."

वहिनीने तिचा हात धरून माझ्या नावाची मूठ टाकवली. मी परत बाहेर येऊन बसलो आणि भावांना सांगितलं की यादी आठवताना सुरुवातीचं आणि शेवटचं माणसाला बरोबर आठवतं, गळतं ते मधलं. हा अगदी नियम आहे, आणि मी मधला आहे. आप्पा म्हणाला, "म्हणजे मधला झालास हा तुझाच दोष." सगळे हसले. मीही हसलो.

रविवारी जेवायला बसलो. माय रोटांच्या टोपल्याजवळ बसून वाढत होती. माझ्या ताटाशी आली, थांबली, आणि टोपल्यावर फडकं ओढून घेतलं. "पाहुनाले रोट देतस नही," ती समजावून सांगितल्यासारखी म्हणाली. रागाने नाही. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून जितकं गोड बोलायचं तितकं गोड. मला तिने भात वाढला, आमटी वाढली, आग्रह केला. रोट नाही दिला. सगळं घर ताटाकडे बघत जेवत होतं. नंतर वहिनीने मला आत बोलावून ओट्यापाशी उभ्याउभ्या रोट दिला आणि मी दाराकडे पाठ करून तो खाल्ला. माझ्या घरात, माझ्या नावाच्या गव्हाचा रोट मी चोरून खाल्ला. त्या वेळी मला रडू आलं नाही, भीतीच वाटली. एका माणसाच्या डोक्यातून आपण गेलो की घरातूनही जातो, हे मला असं ताटावर बसून कळायचं होतं.

आप्पाने धुळ्याच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. मी मायला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, समंजस होते. ते म्हणाले, "आजी, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. कापूस, चमचा, देऊळ." मग त्यांनी तिच्याशी गावाच्या गप्पा मारल्या, तिच्याकडून कागदावर एक गोल काढून घेतला, आणि मग विचारलं, "ते तीन शब्द कोणते होते?"

ही चाचणी मला ठाऊक होती. ते पुन्हा विचारणार हेही ठाऊक होतं. तोंडाने न बोलता मी तिच्याबरोबर उत्तर द्यायला लागलो, जसं पोराच्या परीक्षेत बाप देतो. कापूस. देऊळ. आणि मग काही नाही.

मायने डॉक्टरांचंच तोंड बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा भाऊ, तुम्ही शिकेल शेतस." डॉक्टर हसले. त्यांनी शब्द परत सांगितले नाहीत. मी खुर्चीत बसून मधल्या शब्दाच्या मागे लागलो होतो. मधलं गळतं हा नियम मी स्वतःला सांगितला. मग स्वतःलाच म्हटलं, अरे, तीनच तर होते.

"यांच्या आईला असं काही होतं का?" डॉक्टरांनी मला विचारलं. आजी मी लहान असताना गेली, मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते लिहीत होते. लिहिताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, सहजच बघितलं असेल. पण प्रश्न आईच्या आईपर्यंत वर जातो तसा आईच्या मुलापर्यंत खालीही येतो, एवढं मानसशास्त्र मला येतं.

धुळ्याच्या स्टँडवर आम्ही अमळनेरच्या गाडीची वाट बघत होतो. मायला चहा हवा होता. टपरीवाल्याने साखर ढवळली, आणि त्याच्या हातात तो होता. चमचा. मला आठवला नाही, दिसला. खूण मिळाली म्हणून सापडला, असं मी वर्गात सांगितलं असतं. टपरीवर मात्र मी त्या चमच्याकडेच बघत कप पुढे केला आणि चहा मायच्या पातळावर सांडला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे भाऊ." रस्त्यात भेटलेल्या कोणालाही ती तसंच म्हणाली असती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावांना नाही. त्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवायला लागलो. स्कूटर कुठे लावली, एटीएमचा नंबर, हजेरीपटावर न बघता मुलांची नावं. विसरलो की धडधड, आठवलं की हायसं. त्यातली खोच अशी की स्वतःकडे जितकं लक्ष द्यावं तितकं बाहेरचं निसटतं. चष्मा कुठे ठेवला हे सगळं जग विसरतं, पण मी तो शोधताना मायसारखा पुटपुटतो का, हे बघत बसायचो, आणि चष्मा फ्रिजवर असायचा. भीतीनेच विसरायला होतं, हेही पुस्तकात आहे. मला त्या वाक्याचा काही उपयोग झाला नाही.

धडा शिकवायची वेळ आली तेव्हा मी तो नेहमीच्या जोशात शिकवला. चौकटी, बाण, विस्मरणाची कारणं, सगळं. नको असलेलं मन दाबून टाकतं, या कारणाशी आलो तेव्हा पोरं नेहमीप्रमाणे एकमेकांकडे बघून हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. असोद्याहून रोज बसने येते, फारसं बोलत नाही. "सर," ती म्हणाली, "आपण विसरलो हे आपल्याला कळतं कसं? शब्द जिभेवर आला की कळतं काहीतरी राहिलं. पण जे पूर्ण गेलं, त्याची जागापण गेली, मग कसं कळणार?"

चांगला प्रश्न आहे, असं मी म्हणालो. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो. मग सांगितलं की बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी आपल्याला सांगतं. मुलगी "हो सर" म्हणून खाली बसली. फळ्यावरच्या तिसऱ्या चौकटीकडे मी बघत राहिलो. तिला मी आजवर बाण फक्त आत जाणारा काढला होता.

मग पुढच्या श्रावणातला शनिवार आला. मायला बसवावं की नाही यावर घरात बोलणं झालं. वहिनी म्हणाली, तिची मूठ आहे, तीच बसेल. माय बसली. न्हाऊन, केस सोडून, पाटावर ताठ. आणि तिने सुरुवात केली तेव्हा आम्ही सगळे दारात उभे होतो, कारण नाव ऐकू येत नव्हतं. ती नाव घेतच नव्हती. पोत्यात हात, भरलेली मूठ, परातीत. पुन्हा हात, पाव मूठ, परातीत. एक दाणा बाहेर नाही. हात जे शिकतो ते सगळ्यात शेवटी जातं, हे मी शिकवलेलं आहे. सायकल विसरत नाही, पोहणं विसरत नाही. हे मी मुलांना आनंदाची बातमी म्हणून सांगायचो.

सव्वा मूठ. सव्वा मूठ. घरातल्या माणसांएवढ्या होऊन गेल्या असाव्यात. ती थांबली नाही. कुठे थांबायचं ते नावांना माहीत होतं, हाताला नाही. परात भरत चालली. वहिनी रडायला लागली. भाऊ म्हणाला, "माय, बस व्हयनं." तिने वर बघितलं नाही. चेहऱ्यावर काम करणाऱ्या माणसाचं समाधान होतं. मुठी पडत होत्या आणि प्रत्येक मूठ कोणाची तरी होती आणि तो कोणीच नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. शेवटी मी पुढे झालो, तिचं मनगट धरलं. बोटं अजून चाळवत होती. मनगट किती बारीक झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "तुन्ही मूठ लिधी का त्यास्नी?"

तुझ्या नावाची मूठ घेतली का, असं ती विचारत होती. "लिधी, माय," मी म्हणालो.

तो सगळा गहू दळावा लागला. गिरणीवाल्याने आमच्या गल्लीच्या पिठासाठी आदल्या दिवशी गिरणी धुऊन ठेवली होती. एवढं पीठ बघून तो म्हणाला, घर वाढलं वाटतं. बायकांनी दुपारपर्यंत रोट भाजले. रविवारी खाल्ले, सोमवारी विसर्जनाआधी खाल्ले, पोरांना दमदाटी करून खायला घातले. कोणाच्या नावाचं आपण खातोय हे कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे घास मोजून खात होते. माय मात्र पोटभर जेवली.

यंदा मायला पाटावर बसवणं शक्य नव्हतं. ती खाटेवर असते, बोलत नाही, फक्त उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरवत राहते. वहिनीने फोनवर सांगितलं, मुठी मी टाकेन, पण नावं नानांनी सांगायची. नाना शिकलेला माणूस आहे, त्याच्याकडून चूक व्हायची नाही. मागच्या वर्षीसारखं व्हायला नको.

मी हो म्हणालो. आठ दिवस तयारी केली. हसू नका. कागदावर लिहून नेणं मला सहज जमलं असतं, पण कानबाईपुढे कागद वाचायचा नसतो असं कारण मी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला बघायचं होतं. रोज स्कूटरवर, बसमध्ये, आंघोळ करताना मी नावं म्हणायचो. क्रम लावला. गट केले: भाऊचं घर, आप्पाचं घर, सुरतेचे चुलत, आणि माझं. मला एकच मुलगा. पुण्याला नोकरी करतो, दर वर्षी सुट्टी काढून येतो. वयाने तो शेवटचा नाही, आप्पाची पोरं त्याच्याहून लहान आहेत. पण मी त्याला मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला. मधलं गळतं, शेवटचं गळत नाही. सगळ्यात सुरक्षित जागा मी त्याला दिली.

शनिवारी सकाळी वहिनी न्हाऊन बसली. मायची खाट दाराजवळ आणली होती. माझी बायको परातीजवळ, मुलगा दाराला टेकून मोबाईलवर सगळं टिपत होता. पुढच्या वर्षी कामाला येईल, म्हणाला. मी सुरुवात केली. भाऊचं नाव, मूठ. भाऊच्या मुलांची. आप्पा, आप्पाची पोरं. सुरतेचे सगळे, त्यातला एक तर आमच्याशी बोलतही नाही, त्याचंही. मग माझं स्वतःचं. आवाज चांगला लागला होता. कुठे अडखळलो नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

"झालं," मी म्हणालो.

वहिनीचा हात पोत्यातच होता. ती माझ्याकडे बघत होती. "नाना," ती म्हणाली.

मला वाटलं तिची खात्री होत नाहीये. मी मनातल्या मनात यादी पुन्हा फिरवली, भाऊपासून माझ्यापर्यंत. पूर्ण होती. कुठे फट नव्हती, जिभेवर काही अडलेलं नव्हतं, कुठे खड्डा लागला नाही. "झाली ना सगळ्यांची," मी म्हणालो, जरा चिडूनच. "बठ्ठास्नी झायी."

"बाबा," दारातून आवाज आला. "मी?"

तो हसत होता. मोबाईल अजून माझ्याकडेच धरलेला. मी त्याच्याकडे बघितलं. माझा मुलगा होता, मला ठाऊक होतं तो माझा मुलगा आहे, त्याचे दात, त्याची भुवई, लहानपणी पडला होता ती खूण. नाव यायला वेळ लागला. किती लागला ते मला सांगता येणार नाही. त्याचं हसू आधी गेलं आणि मग नाव आलं. मी ते मोठ्याने म्हणालो. वहिनीने सव्वा मूठ टाकली. मोबाईल त्याने खाली घेतला होता.

खाटेवर मायचा अंगठा बोटांवरून फिरत होता, तेवढाच काय तो हलत होता. मला काहीतरी म्हणायचं होतं. क्षय, व्यत्यय, खूण, दमन, सगळी कारणं मला पाठ होती, आणि एकही तोंडात येईना.

मग माझी बायको परातीतला गहू हाताने सारखा करत, कोणाकडे न बघता म्हणाली, "काही नाही. लक्ष नव्हतं यांचं."

सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.